पाठमोरी

१

घरात कुणाशी वाजलं की फौजदारबाई कपाट आवरायला काढत. त्या सोमवारी मात्र ऑफिसात वाजलं, आणि तिथलं एकही कपाट आवरण्याच्या लायकीचं नव्हतं, म्हणून त्या तडक बसस्थानकावर गेल्या.

त्यांचं नाव अर्थातच वेगळं होतं. वर्तमानपत्रात वार्ताहर म्हणून तेहतीस वर्षं काढलेल्या या बाईंना ऑफिसातली पोरं पाठीमागे फौजदारबाई म्हणत, कारण त्या मुलाखत घेत नसत, जबानी घेत. वय अठ्ठावन्न, जिभेचं वय जेमतेम पंचवीस. बाकी सगळ्या जगाबद्दल त्यांचं एकच मत होतं आणि ते त्या लपवत नसत.

वाद क्षुल्लक होता. वर्धापनदिनाचा खास अंक निघणार होता. संपादक चौतीस वर्षांचा. त्याला मथळा कसा द्यायचा हे बाईंनीच शिकवलेलं, आणि तो ते अजून नीट शिकला नव्हता. त्याला बाईंचा सव्वीस वर्षांपूर्वीचा 'पायऱ्यांवर' हा गाजलेला वृत्तांत पुन्हा छापायचा होता. बंदराच्या गावी प्रवासी बोट बुडाली, तेव्हाचा.

"आणि सोबत तुमची आठवण, मॅडम. फक्त सातशे शब्द. 'त्या सकाळी मी तिथे होते.' बस. वाचकाला माणूस लागतो हो."

"वाचकाला बातमी लागते. माणूस तुला लागतो, कारण बातमी आणायची अक्कल तुझ्या एकाही पोराला नाही. उंटावरून शेळ्या हाकता सगळे. खुर्चीत बसून पूर लिहिता, खुर्चीत बसून आग लिहिता."

"ते झालंच. पण उद्या पाचपर्यंत द्याल ना?"

"नाही देणार."

"का पण?"

हा 'का' बाईंनी आयुष्यात हजारो लोकांच्या तोंडावर फेकला होता. आज तो उलटा आला. त्यांनी पर्स उचलली आणि दार असं आपटलं की दोन टेबलांपलीकडचा उपसंपादक नकळत उठून उभा राहिला.

कारण इतकंच होतं की त्या सकाळी त्या तिथे नव्हत्या.

तेव्हा अर्ध्या वाटेवर रस्ता बंद झाला होता. एका कळकट लॉजवर त्यांनी खोली घेतली, बंदराच्या कचेरीतल्या कारकुनाला फोनवर पिळून मृतांचा आकडा काढला, आणि उरलेलं बंदर, पायऱ्या, वारा, माणसं सगळं लॉजच्या खाटेवर बसून मनानं लिहिलं. मध्यरात्री रस्ता सुरू झाला होता. पण बातमी गेलेली होती, मग जायचं कशाला? पुढं त्याच वृत्तांतानं त्यांचं नाव केलं. तो वृत्तपत्रविद्येच्या वर्गात शिकवतात. 'जागेवर जाऊन लिहिणं म्हणजे काय' या धड्याखाली.

बसस्थानकावर ज्या पहिल्या गाडीत खिडकी रिकामी दिसली तिच्यात बाई चढल्या.

"एक द्या."

"कुठलं?" कंडक्टरनं विचारलं.

"ही जाते तिथलं. शेवटपर्यंत."

तिकिटावर त्याच बंदराच्या गावाचं नाव वाचलं तेव्हा गाडी फाटकाबाहेर पडली होती. त्या एकट्याच मोठ्यानं हसल्या. शेजारच्या माणसानं सामान पलीकडे सरकवलं.

मग त्यांच्या डोक्यात हिशेब जुळला. बरंच झालं की. एकदा तिथे पाय लावायचा, मग सातशे शब्द लिहायचे. 'मी तिथे होते.' कधी होते, हे विचारायची अक्कल संपादकाकडे नव्हती.

२

चार वाजता उतरल्या. गाव कुठल्याही किनाऱ्यावरच्या गावासारखंच होतं: भिंतींना पोपडे, पत्र्यांना गंज, आणि प्रत्येक टपरीवाल्याच्या चेहऱ्यावर आपल्यामुळेच समुद्र इथे थांबलाय असा भाव. रस्ताभर लोक पाण्याकडे पाठ करून स्वतःचेच फोटो काढत होते. समुद्र पाहायला आलेली माणसं समुद्राला पाठ दाखवतात, याची बाईंनी मनात नोंद केली. कुठंतरी वापरता येईल.

उतरत्या रस्त्याच्या वळणावर घड्याळांचं दुकान होतं.

बाई थबकल्या. काचेमागे तीस-चाळीस घड्याळं टांगलेली, आणि कुठल्याही दोहोंची वेळ एक नव्हती. 'वळणावरच्या दुकानातल्या घड्याळांचं त्या सकाळी एकमेकांशी पटत नव्हतं,' हे वाक्य त्यांनी लॉजच्या खाटेवर लिहिलं होतं.

क्षणभर त्यांना चक्क अभिमान वाटला. याला म्हणतात नजर! न पाहता पाहते. मग लगेच, आत्ताच्या पोरांना समोर ठेवलेलं दिसत नाही, हेही मनात आलं. आणि तसंही, घड्याळांचं दुकान कुठल्या गावात नसतं?

हॉटेल घेतलं ते समुद्राच्या बाजूचं, दोन मजल्यांचं. काउंटरवरच्या मुलीनं ओळखपत्र मागितलं, मोबाइलवरची नजर न काढता.

"मॅडम, एकट्याच?"

"का, एकटीला जास्त भाडं आहे?"

"नाही, चादरी किती ठेवायच्या म्हणून विचारलं."

खोलीत एक पलंग, एक वेताची खुर्ची, भिंतीवर कुठल्याशा दुसऱ्याच देशातल्या डोंगराचं चित्र. समुद्रकाठच्या हॉटेलात डोंगर! बाईंनी नाक मुरडलं. खुर्ची खिडकीपाशी ओढून त्यांनी बाहेर पाहिलं. खाली धक्का होता, आणि धक्क्यावरून पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या.

वृत्तांतात त्यांनी पायऱ्या एकेचाळीस लिहिल्या होत्या. चाळीस म्हटलं की वाचक म्हणतो, अंदाज. एकेचाळीस म्हटलं की म्हणतो, मोजल्यात. हा धंद्यातला सगळ्यात स्वस्त डाव.

वरून त्यांनी मोजल्या. मग चष्मा पुसून पुन्हा मोजल्या.

एकेचाळीस.

आणि खालून सातव्या पायरीवर, समुद्राकडे तोंड करून, कुणीतरी उभं होतं.

३

पुतळा बसवलाय, हे बाईंनी तत्काळ ओळखलं. ओळखलं आणि संतापल्या. माझा वृत्तांत वाचून नगरपालिकेनं पुतळा उभारला, आणि मला साधं पत्र नाही? उद्घाटनाला कुठल्या तरी पुढाऱ्याला बोलावलं असणार, ज्याला बोट आणि होडी यातला फरक कळत नाही.

पुतळा मात्र चांगला होता. बोट बुडाल्यावर कुणाची तरी वाट बघत पायरीवर उभी राहिलेली बाई त्यांनी वृत्तांतात मनानं लिहिली होती, अगदी तसाच. राखाडी स्वेटर घातलेली, पाठमोरी, तिशीची बाई. केस ओले, पाठीवर मोकळे. एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी. ती एक चप्पल फार गाजली होती. एक तपशील असा द्यावा की वाचकाला टोचला पाहिजे, असं बाई वर्गात सांगत.

त्या तरातरा खाली आल्या. पायऱ्यांच्या माथ्याला चहाची टपरी होती. चहावाला पन्नाशीचा, कानाला पेन्सिल लावलेला.

"हा पुतळा कुणी बसवला हो?"

"कुठला, ताई?"

"तो काय, खाली."

चहावाल्यानं वाकून पाहिलं, जणू तिथे नवीन काही आलंय. "ती होय? पुतळा कशाला असेल? पुतळा डोकं खाजवतो का कधी?"

बाईंनी वळून पाहिलं. राखाडी स्वेटरचा हात वर गेला होता. तो केसांत फिरला आणि खाली आला.

"मग कोण आहे ती?"

"कोण म्हणजे? उभी असते."

"कधीपासून?"

"मी ही टपरी घेतली त्याच्या आधीपासून. मला एकवीस वर्षं झाली. साखर किती?"

"एकवीस वर्षं एक बाई पायरीवर उभी आहे, आणि तुम्ही मला साखर विचारताय?"

"मग काय करू? ती काही मागत नाही, कुणाच्या वाटेत येत नाही. माझा मेहुणा सतरा वर्षं माझ्याच घरी बसून आहे, त्याची चौकशी कुणी करत नाही."

बाईंनी चहा घेतला. तो वाईट होता, हे त्यांनी त्याला सांगितलं. मग शांतपणे विचार केला. पुतळा नाही तर वेडी. वेडी नाही तर कुणीतरी वृत्तांत वाचून उभं केलेलं सोंग, पर्यटकांसाठी. एकीची पाळी संपली की दुसरी. तिशीची बाई एकवीस वर्षं तिशीचीच राहते, याला दुसरं उत्तर काय?

"तुम्ही वर्तमानपत्र वाचता?"

"नाही बुवा. मी भजी विकत नाही, मला रद्दी लागत नाही."

"बरं, तिचं तोंड कसं आहे, सांगा."

चहावाल्याचा हात किटलीवर थांबला. "ते नाही सांगता यायचं."

"रोज समोर असते म्हणता ना?"

"पाठ असते समोर."

"मग चार पायऱ्या उतरून बघायचं."

"गेलो होतो की. दोनदा." तो ओशाळं हसला. "खाली गेलो, समुद्र बघितला, वर आलो. वर आल्यावर आठवलं, अरे, आपण कशासाठी गेलो होतो!"

असल्या माणसांच्या जिवावर लोकशाही चालते, असं मनाशी म्हणत बाईंनी कप आपटला. ऊन कलतं होतं पण कडक होतं, दगड तापले होते, चहाचा ओघळ टेबलावर सांडताच सुकत होता.

खालच्या बाईचे केस मात्र ठिबकत होते. तिच्या मागची पायरी तेवढी काळी, ओली होती.

४

सकाळी नऊ वाजता बाई पायऱ्या उतरल्या. रात्री त्यांनी स्वतःला तीन वेळा बजावलं होतं, की सोंग उघडं पाडायचं आणि त्याचीच बातमी करायची. सातशे शब्दांऐवजी दीड हजार. 'माझ्या वृत्तांताचा बाजार.' मथळासुद्धा तयार होता.

आठव्या पायरीवर त्या थांबल्या. ती हाताच्या अंतरावर होती. खाऱ्या पाण्याचा वास नव्हता, कसलाच वास नव्हता. नजर आधी पायांकडे गेली. दगड झिजला होता. बारक्या वाटीइतके दोन खळगे. एका खळग्याचा आकार चपलेचा होता, दुसऱ्यात पाच बोटं वेगवेगळी उमटली होती, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. पाळीपाळीनं उभ्या राहणाऱ्या बायकांची पावलं इतकी एकाच मापाची असतात का?

"नाव काय तुझं?" बाईंनी जबानीच्या आवाजात विचारलं.

ती समुद्राकडेच पाहत राहिली.

"कुणी उभं केलंय तुला इथे? मी प्रेसची आहे. घाबरू नकोस."

"आलोच म्हणाला होता," ती म्हणाली. आवाज साधा, सपाट, वाचून दाखवल्यासारखा. "हलू नकोस म्हणाला होता."

बाईंना हसू आलं. पाठ केलंय लेकीनं! वृत्तांतातली हीच दोन वाक्यं तर सगळीकडे उद्धृत होतात. जिवंत माणूस असं बोलत नाही, बत्तीस वर्षांच्या, नावासाठी हपापलेल्या वार्ताहर बाया असं लिहितात.

"शाबास. आणखी काय शिकवलंय?"

"मी श्वाससुद्धा मोजून घेते आहे," ती म्हणाली, "चुकून हलायला नको."

बाईंचं हसू तोंडावरच राहिलं.

हे वाक्य छापून आलंच नव्हतं. लॉजवरून फोनवर मजकूर सांगताना ते त्यांनी सांगितलं होतं, आणि पलीकडून तेव्हाच्या म्हाताऱ्या उपसंपादकानं तिथल्या तिथे उडवलं होतं. "श्वास मोजणारी माणसं नाटकात असतात, पोरी. कापतोय." हे त्या दोघांखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. उपसंपादकाला जाऊन अकरा वर्षं झाली होती. बाईंनी घरी नवऱ्यालासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. खोट्यातलं खोटं कोण सांगत बसतं?

त्यांनी राखाडी स्वेटरकडे पाहिलं. खांदे वर गेले. थांबले. खाली आले. थांबले. लंबकासारखे, तितक्याच अंतरानं, कधीही न चुकता.

आता तोंड बघायचंच, असं बाईंनी ठरवलं. भीती वाटली की त्यांना राग येत असे, आणि रागात त्यांची पावलं आपोआप पुढं पडत. त्या बाजूनं उतरल्या. सहावी पायरी. पाचवी. पाण्यात पाय गेला. चौथीवर त्या वळल्या आणि मान वर केली.

"साखर कालच्याइतकीच घातलीय," चहावाला म्हणाला.

त्या टपरीच्या बाकावर बसल्या होत्या. हातात अर्धा संपलेला चहा. बूट आणि सलवारीचे पाय गुडघ्याखाली भिजलेले.

"बघितलंत?" त्यानं हळूच विचारलं.

बाईंनी बराच वेळ आठवून पाहिलं. समुद्र आठवत होता. फार छान होता, निळा.

५

दार लावून घेऊन बाई पलंगावर बसल्या, ओले बूट तसेच.

रक्तदाब असेल. वय असेल. सून म्हणतेच, "आई, आता एकट्यानं भटकणं पुरे." सुनेचं बरोबर निघालं तर मरणच बरं, हा विचार येऊन थोडा धीर आला.

पण वृत्तांताची शेवटची ओळ त्यांना पाठ होती, सगळ्यांनाच पाठ होती. 'ही बातमी छापून तुमच्या हाती पडेल तेव्हाही ती तिथेच उभी असेल.' असली ओळ प्रत्येक वार्ताहर लिहितो. म्हातारा अजून वाट पाहतो आहे, दिवा अजून जळतो आहे, पोर अजून दाराकडे बघतं आहे. ओळ लिहायची, सही ठोकायची, जेवायला जायचं. त्या म्हाताऱ्याला घरी कोण सोडणार, हे कुणी विचारत नाही.

त्यांनी वही काढली. लिहिलं: 'मी तिथे नव्हते.'

तीन शब्द. सातशेपैकी तीनच, पण बाकीचे सहाशे सत्त्याण्णव त्यांच्यानंतर लिहायची गरजच नव्हती. त्यांनी त्याकडे पाहिलं आणि वर्गातली पोरं दिसली, धड्याचं पान दिसलं, संपादकाचा चेहरा दिसला, ज्यावर आधी धक्का आणि मग, हळूहळू, मजा उमटत जाईल. तेहतीस वर्षं ज्यांना खुर्चीतले म्हणून झोडपलं ते सगळे खुर्चीत मागे रेलून हसतील.

त्यांनी पान फाडलं.

आणि लगेच कारणही सापडलं. अशा वेळी कारण सापडतंच, शोधावं लागत नाही. समजा मी लिहिलं की ती बाई नव्हतीच, तर तिचं काय होईल? तिला काय पुसून टाकायचं? छे, छे, ते फार क्रूर. भित्रेपणाच्या अंगावर बाईंनी असा दयेचा सदरा चढवला, बटणं लावली आणि संपादकाला फोन केला.

"लिहून घे."

"मॅडम! मला वाटलं रुसलात. कुठे आहात?"

"जिथे वार्ताहरानं असायला हवं तिथे. पायऱ्यांसमोर."

"तिथे? आत्ता? अहो, सांगायचं तरी..." त्याचा आवाज खरंच भारावला होता. मूर्ख असला तरी कृतघ्न नव्हता, हे बाईंना प्रथमच जाणवलं आणि त्याचाही त्यांना राग आला.

"घे. 'सव्वीस वर्षं उभी असलेली ती आज सकाळी अखेर बसली.' पूर्णविराम. 'कुणी तिला बोलावलं नाही, कुणी अडवलं नाही. ती दमली होती. बसली.' पूर्णविराम."

पलीकडे काही वेळ नुसती टाइप केल्याची टकटक.

"मॅडम," संपादक म्हणाला, "अंगावर काटा आला. म्हणजे ती अजून... खरंच?"

"मी काय खोटं सांगते?"

"नाही, नाही. अंकात उद्या घेतो, साइटवर आत्ता टाकतो. टाकली सुद्धा."

बाईंनी खिडकीतून पाहिलं.

पायऱ्या एकेचाळीस होत्या, आणि सगळ्या रिकाम्या.

६

पहिली गोष्ट म्हणजे त्यांना खूप हलकं वाटलं. त्या खाली गेल्या, पायऱ्या उतरल्या, सातव्या पायरीपाशी वाकल्या. खळग्यांत पाणी साचलं होतं आणि उन्हात झपाट्यानं आटत होतं. झालं. एका ओळीनं बांधलं, एका ओळीनं सोडलं. कबुली नाही, तमाशा नाही. धंदा येत असला की माणूस असा निभावून नेतो. बाकीच्यांनी तोंडाची वाफ दवडावी.

वर चहावाला टपरीचं फळकूट उतरवत होता. दुपारचे बारासुद्धा वाजले नव्हते.

"एवढ्यात बंद?"

त्यानं घाईघाईनं कुलूप लावलं.

"ती कुठे गेली, पाहिलंत?"

"वर आली." तो दगडाकडे बघून बोलत होता. "इथून, माझ्या समोरून. मी बाजूला झालो."

"मग या वेळी तोंड पाहिलं असेल."

चहावाल्यानं बाईंकडे पाहिलं. काल साखरेवरून हुज्जत घालणारा माणूस तो हाच, हे खरं वाटू नये असं पाहिलं. मग कानामागची पेन्सिल काढून खिशात ठेवली आणि घराकडे चालू लागला. वळणापर्यंत तो चालत होता. वळणापुढे पळाला, हे बाईंना आवाजावरून कळलं.

अडाणी, असं त्या पुटपुटल्या.

हॉटेलात काउंटरवरची मुलगी बादली आणि फडकं घेऊन फरशी पुसत होती. चेहरा आंबट.

"मॅडम, तुमच्याकडे कुणी येणार असेल तर पाय पुसून यायला सांगत जा ना. मी कितीदा पुसू?"

"माझ्याकडे कोण येणार आहे?"

"आत्ता आल्या त्या. मी म्हटलं इथे बसा, तर थेट वर."

"कशा होत्या दिसायला?"

"अं..." मुलीनं फडकं पिळलं. कपाळाला आठी पडली, मग ती आठी तशीच विसरून गेली. "समुद्र आज मस्त आहे ना? निळा अगदी."

फरशीवर, न पुसलेल्या भागात, ओली पावलं होती. जिन्यापर्यंत गेलेली. सगळी एकाच पायाची, पाच बोटं वेगवेगळी.

बाहेर जायचं दार मागे चार हातांवर होतं. पण पाकीट वर, चष्म्याची पेटी वर, आणि जबानी अर्धी टाकून पळालेल्या वार्ताहरांबद्दल बाईंनी आयुष्यभर जे बोलून ठेवलं होतं ते सगळं त्या दाराच्या उंबऱ्यावर उभं होतं. त्या जिना चढल्या. अर्ध्यात फोन वाजला.

"मॅडम, दहा मिनिटांत बाराशे लोकांनी वाचलं!" संपादक. "पण एक राहिलंय. सगळे विचारतायत, कुठे बसली? कोण, काय, कधी, कुठे, तुम्हीच शिकवलंत ना? 'कुठे' राहिलंच."

त्या आपल्या खोलीच्या दारात पोहोचल्या होत्या. दार उघडं होतं.

वेताची खुर्ची खिडकीपाशी होती. खुर्चीच्या पाठीवरून ओले केस लोंबत होते आणि खाली थेंब पडत होते. खांदे वर गेले. थांबले नाहीत. आता ते मोजून चालले नव्हते. सव्वीस वर्षांचा साठलेला श्वास एकदम सुटावा तशी ती धापा टाकत होती.

"हॅलो? मॅडम, ऐकू येतंय?"

"मी तिथे नव्हते," बाई म्हणाल्या.

"कुठे?"

"तेव्हा. सव्वीस वर्षांपूर्वी. मी गेलेच नव्हते रे. सगळं लॉजवर बसून लिहिलं. ती बाई मीच..." त्यांचा आवाज लहान मुलीसारखा येत होता. "छाप हे. आत्ता छाप. माझ्या नावानं छाप."

संपादक हसला, मायेनं, मोठ्या माणसाची विनम्रता ओळखून हसतात तसा. "तुम्ही पण ना, मॅडम. बरं ऐका, फोटो तर लागेलच, पण तोवर दोन ओळी वर्णन द्या. चेहऱ्याचं. जुन्या वृत्तांतातही नाहीये, आत्ता बघितलं. तुम्ही चेहरा लिहिलाच नाही कधी."

वेत करकरला.

ओले केस खांद्यावरून सरकले. डोकं वळू लागलं, सावकाश, एवढ्या वर्षांनी मान वळवायला वेळ लागणारच तसं. आधी कान दिसला, त्यामागून केसांची कड, आणि कडेपुढे जिथून गाल सुरू व्हायला हवा होता तिथून पुढे बाईंनी काहीही लिहिलेलं नव्हतं.

या वेळी समुद्राची आठवण आली नाही. या वेळी त्या विसरणार नव्हत्या.

"डोळे!" फौजदारबाई फोनमध्ये किंचाळल्या. "आधी डोळे लिही! लवकर!"

"हं, घेतले," संपादक म्हणाला. पलीकडे बोटं कळांवर तयार असल्याचा आवाज आला. "कसे?"